फॉल्स सीलिंग: किती उंचीवर, कशाचे आणि कशाला टांगलेले?

पत्र: आमच्या पतसंस्थेची नवी शाखा कराडमधील एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर सुरू होत आहे. हॉल १२ मीटर लांब व ७ मीटर रुंद असून सध्याच्या जमिनीपासून स्लॅबपर्यंत ३ मीटर उंची आहे. तुळया स्लॅबपासून ४५ सेंटिमीटर खाली उतरतात. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवायची आहे. दोन कॅसेट एसी (छतात बसणारे), दिवे आणि वायरिंग झाकण्यासाठी ठेकेदार साडेसात फुटांवर सपाट फॉल्स सीलिंग करायचे म्हणतो. पीव्हीसीचे पॅनेल स्वस्त असून ‘फायरप्रूफ’ आहेत आणि संकुलाचे स्प्रिंकलर सीलिंगच्या वर राहिले तरी काही बिघडत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. पुढच्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक आहे आणि सचिव या नात्याने मला उत्तर द्यायचे आहे. नियम नेमके काय सांगतात, आणि या कामाला परवानगी लागते का?

उत्तर: आपण काम सुरू होण्याआधी विचारले, याचे मला फार बरे वाटले, कारण सीलिंगविषयीची बहुतेक पत्रे पॅनेल बसून रंग झाल्यानंतर येतात आणि तेव्हा सांगण्यासारखे एवढेच उरते की, खोला. आपल्या ठेकेदाराने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे उंची, साहित्य आणि स्प्रिंकलर, नियमात बसत नाहीत. बैठकीत हे ठामपणे सांगता यावे म्हणून कारणांसह लिहितो.

आधी नियम कुठे आहेत ते पाहू. या विषयातला मूळ आधार म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता. ती पहिल्यांदा १९७० साली प्रसिद्ध झाली, आणि सीलिंगसंबंधी मी खाली जे आकडे देतो आहे ते तिच्या २०१६च्या आवृत्तीतील आहेत. संहिता स्वतः शिफारशीच्या स्वरूपाची आहे. तिला कायद्याचे बळ मिळते ते राज्याच्या नियमांमधून. कराडसारख्या नगरपरिषद क्षेत्राला डिसेंबर २०२०पासूनची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, आणि आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. ‘संहिता काही सक्तीची नाही’ असे आपल्याला कोणी सांगितले, तर या अधिनियमाकडे बोट दाखवावे.

आता उंची. माणसे जिथे बसतात, काम करतात अशा खोलीची उंची जमिनीपासून छताच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत किमान २.७५ मीटर असली पाहिजे. खोली वातानुकूलित असेल तर ही मर्यादा २.४ मीटरपर्यंत खाली येते, आणि ती मोजायची फॉल्स सीलिंगच्या किंवा एसीच्या डक्टच्या तळापर्यंत, स्लॅबपर्यंत नव्हे. साडेसात फूट म्हणजे २.२९ मीटर, म्हणजे वातानुकूलित हॉलसाठीही ते ११ सेंटिमीटरने कमीच पडते. शिवाय आपल्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा वाचले: जुन्या फरशीवरच नवी फरशी. मसाला आणि टाइल मिळून जमीन सुमारे ५ सेंटिमीटर वर येईल. उंची मोजायची ती तयार फरशीपासून, त्यामुळे ठेकेदाराने आजच्या जमिनीवरून साडेसात फुटांची रेघ मारली तर उद्घाटनाच्या दिवशी प्रत्यक्षात २.२४ मीटरच उरतील. एवढ्या उंचीला खातेदारांपैकी कोणी उंच गृहस्थ हात वर करून सीलिंगला सहज टेकेल.

आपल्या हॉलचा हिशेब असा पडतो. नवी फरशी झाल्यावर स्लॅब २.९५ मीटरवर आणि तुळयांचा तळ २.५० मीटरवर येईल. तुळईखाली किमान २.४ मीटर मोकळी उंची हवी असते, ती मिळते. पण सपाट सीलिंग तुळयांच्या खालून न्यायचे ठरवले तर २.५० आणि २.४० यांच्यामध्ये फक्त १० सेंटिमीटर उरतात, आणि सांगाडा व बोर्ड मिळून जवळजवळ तेवढी जाडी खाऊन टाकतात. एक चॅनेल वाकडे गेले की आपण मर्यादेच्या खाली. म्हणून माझा सल्ला असा, की तुळया लपवण्याचा हट्ट सोडावा. सीलिंग तुळयांच्या मधल्या गाळ्यांत २.५५ मीटरवर घ्यावे, तुळईचा खालचा ५ सेंटिमीटरचा भाग दिसू द्यावा आणि त्याला नीट गिलावा व रंग द्यावा. वर ४० सेंटिमीटर पोकळी मिळते. कॅसेट एसीची पेटी साधारणपणे २५ ते ३० सेंटिमीटर उंच असते, ती त्यात बसते. फक्त पाणी वाहून नेणाऱ्या नळीला उतार मिळतो का, हे एसीवाल्याकडून आधीच तपासून घ्यावे. हॉल दिसायलाही मोकळा राहील. बुटक्या छताखाली रांगेत उभे राहणे म्हाताऱ्या ठेवीदारांना किती नकोसे होते, हे मी पाहिले आहे.

एक अट मात्र लक्षात ठेवा. २.४ मीटरची सवलत एसी चालणार आहे म्हणून आहे. वीज गेल्यावर त्याच हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसे बसणार असतील, तर उघडणाऱ्या खिडक्या आणि झरोके सीलिंगच्या पट्टीमागे गाडले जाता कामा नयेत. बाहेर जाण्याच्या बोळात एसी नसला तरी तिथेही २.४ मीटरच्या खाली जाऊ नये. आणि रेकॉर्ड रूममध्ये सीलिंग करूच नका. तिथे ते कोणाला दिसणार नाही, आणि कागदांच्या गठ्ठ्यांवर एक झाकलेली पोकळी तयार करण्यात शहाणपण नाही.

साहित्याबद्दल संहितेतले वाक्य इतके स्पष्ट आहे की त्यात पळवाट शोधायला जागाच नाही: फॉल्स सीलिंग, आणि ते टांगण्यासाठी वापरलेली प्रत्येक वस्तू, अज्वलनशील असली पाहिजे. ‘टांगण्यासाठी वापरलेली प्रत्येक वस्तू’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वरून पीओपीचा सुंदर थर आणि आत सागवानी किंवा सुरूच्या पट्ट्यांचा सांगाडा, ही जुनी पद्धत त्यामुळे बाद होते. फायर रिटार्डंट प्लायवूडही अज्वलनशील ठरत नाही. ते उशिरा पेटते, पण पेटते. पीव्हीसीबद्दल ठेकेदार जे सांगतो त्यात अर्धे खरे आहे. ज्वाला दूर केली की पीव्हीसी बहुधा आपोआप विझते, आणि एवढ्या एका गुणावर त्याला ‘फायरप्रूफ’ म्हणून विकले जाते. पण शंभर अंशांच्या आतच ते मऊ पडून लोंबू लागते, आणि जळताना दाट काळा धूर व हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, जो श्वासात गेला की घसा आणि फुप्फुसे भाजून काढतो. तिसऱ्या मजल्यावरून माणसे जिन्याने उतरणार आहेत. त्यांना काही मिनिटे धुराशिवाय मिळाली पाहिजेत. थर्मोकोलच्या शीटबद्दल तर बोलायलाच नको.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी जे घडले त्याची आठवण इथे अस्थानी नाही. इमारतीच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते. त्याच्या तप्त ठिणग्या फटीतून खाली पडल्या आणि सीलिंगच्या वरच्या पोकळीतील पॉलिस्टायरीनचा थर पेटला. आग डोक्यावर, नजरेआड पसरत गेली आणि १७ माणसे मरण पावली. ते पॉलिस्टायरीन आणि आपल्याकडचे थर्मोकोल एकाच जातीचे. म्हणूनच फॉल्स सीलिंगविषयी मी एवढ्या कळकळीने लिहितो. भिंतीला लागलेली आग माणसाला दिसते. पोकळीतली दिसते तेव्हा पळायची वाट धुराने भरलेली असते.

मग वापरायचे काय? गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा सांगाडा आणि १२.५ मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड, हा आपल्या कामासाठी योग्य पर्याय आहे. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हे रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते. आग लागली की ते आधी वाफ होऊन निघून जाते आणि तेवढा वेळ बोर्डाच्या मागची बाजू तापत नाही. बोर्डासाठी आयएस २०९५ हे मानक आहे. त्याचा क्रमांक बोर्डावर छापलेला आहे का, हे माल उतरताना स्वतः पाहावे. अज्वलनशीलतेची चाचणी आयएस ३८०८ या मानकाप्रमाणे होते. ‘फायरप्रूफ’ असे तोंडी न ऐकता ठेकेदाराकडे त्या चाचणीचा अहवाल मागावा आणि कोटेशनमध्ये तो क्रमांक लिहून घ्यावा. तिथे तो अडखळला तर उत्तर मिळाले असे समजावे. जिप्समचा शत्रू म्हणजे पाणी. वरच्या मजल्यावरील संडास-न्हाणीघराची लाइन ज्या गाळ्यावरून जाते, तिथे अखंड बोर्ड न लावता ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या, एकेक उचलता येणाऱ्या धातूच्या किंवा कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल लावाव्यात. एसीखालीही तेच करावे. गळती लागली तर टाइल उचलून नळी बघता येते, बोर्ड फोडावा लागत नाही.

आता टांगणीकडे वळू, कारण इथे सर्वाधिक चोरी होते आणि ती सर्वांत कमी दिसते. १२.५ मिलिमीटरचा बोर्ड चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो भरतो. आपला हॉल ८४ चौरस मीटरचा आहे. म्हणजे नुसता बोर्डच ७०० किलोंच्या आसपास, त्यावर सांगाडा, दिवे आणि पुट्टी वेगळी. हे सगळे वजन स्लॅबमध्ये मारलेल्या थोड्या फास्टनरवर, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या बोल्टांवर, असते. रूढ पद्धत अशी आहे: भिंतीलगत पेरिमीटर चॅनेल, म्हणजे पत्र्याची काठपट्टी, दर १२२० मिलिमीटरवर इंटरमीडिएट चॅनेल, ती स्लॅबपासून सीलिंग अँगलने टांगलेली, तोही दर १२२० मिलिमीटरवर, त्यांच्या खाली आडवे सीलिंग सेक्शन दर ४५७ मिलिमीटरवर, आणि बोर्डाचे स्क्रू दर २३० मिलिमीटरवर. ही अंतरे कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि बोर्ड लागण्यापूर्वी टेप घेऊन मोजा. स्लॅबमध्ये सोफिट क्लीट (टांगणी स्लॅबला जोडणारा धातूचा तुकडा) आणि धातूचा, छिद्रात फुगून घट्ट बसणारा एक्स्पान्शन फास्टनरच हवा. लाकडी खुंटी किंवा प्लास्टिकची गिट्टी चालणार नाही, कारण ती आगीत जळते किंवा वितळते आणि मग सगळे छत एकदम खाली येते. केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने छिद्रात चिकटवलेला बोल्ट, घालतो असे कोणी म्हणाले तर डोक्यावरच्या सततच्या ओढीसाठी ते मी तरी घेऊ देणार नाही. जपानमधील सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी टांगलेल्या छताचे काँक्रीटचे फलक कोसळून ९ माणसे दगावली. तिथले वरचे बोल्ट डिंकासारख्या रसायनानेच छिद्रात धरून ठेवलेले होते, आणि वर्षानुवर्षांच्या ओढीने ते सुटले. आपले बोर्ड त्या फलकांच्या मानाने पिसासारखे हलके आहेत, पण सतत खाली ओढणारे वजन दोन्हीकडे सारखेच काम करते.

एसीची पेटी, पंखे आणि जड दिवे सीलिंगच्या सांगाड्याला टांगू नयेत. प्रत्येकाला स्लॅबपासून स्वतःचा रॉड किंवा हूक द्यावा. कराडला हे दुपटीने लागू आहे. ११ डिसेंबर १९६७ची कोयनेची पहाट आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल, आणि धरण परिसरात लहान धक्के आजही बसतात. इमारतीला तडाही न जाणाऱ्या धक्क्यात सीलिंगच्या टाइल आणि दिवे मात्र खाली येऊ शकतात. ज्या भागात आपण टाइलची जाळी लावाल, तिथे अमेरिकेतील भूकंपप्रवण भागांसाठीच्या एएसटीएम ई ५८० या मानकातली एक साधी युक्ती वापरता येईल: जाळी लगतच्या दोन भिंतींना पक्की करायची आणि समोरच्या दोन भिंतींशी १९ मिलिमीटरची फट ठेवून तिला ५० मिलिमीटर रुंद अँगलवर नुसती टेकू द्यायची, म्हणजे भिंत हलली तरी जाळी चेपत नाही आणि तिचे टोक अँगलवरून निसटतही नाही. खर्च नगण्य आहे.

स्प्रिंकलरबद्दल ठेकेदाराचे म्हणणे मला सर्वांत गंभीर वाटते. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक लहान कुपी असते. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. आगीची उष्णता वर चढून छताच्या खाली साचते, म्हणूनच कुपी छताच्या अगदी खाली असावी लागते. आपण मध्ये बोर्ड घातला की उष्णता बोर्डाखाली अडते, वरची कुपी थंडच राहते. आणि पुढे कधी ती फुटलीच तर पाणी बोर्डाच्या पाठीवर पडते. म्हणजे यंत्रणा आहे, तिचे पैसेही भरलेले आहेत, पण तिचा उपयोग शून्य. त्यामुळे प्रत्येक स्प्रिंकलर खाली उतरवून नव्या सीलिंगच्या खाली आणला पाहिजे, आणि धूर ओळखणारे डिटेक्टरही तसेच. हे काम सीलिंगवाल्याने करायचे नाही. अधिनियमाखाली परवाना असलेल्या एजन्सीकडूनच लाइन रिकामी करून, जोड वाढवून, पुन्हा दाबाची चाचणी घेऊन करावे. रंगाऱ्याला सक्त ताकीद द्यावी की स्प्रिंकलरच्या तोंडाला ब्रश लागता कामा नये, कारण रंगाचा थर कुपी फुटायला उशीर लावतो. पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त उंच असेल तर सीलिंगच्या वरही स्प्रिंकलर आणि डिटेक्टर लागतात. आपली पोकळी ४०० मिलिमीटरची, म्हणून तो दुहेरी खर्च टळतो.

वायरिंगचा प्रश्न आपण एका शब्दात उरकला आहे, पण माझे मन तिथेच अडले. काही वर्षांपूर्वी एका दुकानात दिवे लुकलुकतात म्हणून मला बोलावले होते. शिडीवर चढून एक टाइल बाजूला सारली, तर वर सुट्या वायरींचा गुंता सरळ टाइलांच्या पाठीवर टाकलेला, जोडांना काळी चिकटपट्टी, आणि ती उन्हाळ्याच्या उकाड्याने सुटून तांबे उघडे पडलेले. उंदरांनी एका वायरीचे आवरण बोटभर कुरतडले होते. दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारी डबी) ज्या टाइलवर ठेवला होता, तिथे बशीएवढा तपकिरी डाग पडलेला होता. खाली कापडाचे तागे रचलेले. मालकांनी तो डाग पाहिला आणि त्याच संध्याकाळी दुकानाची वीज बंद करून ठेवली. संहिता सांगते की फॉल्स सीलिंगमधून जाणारी वायर धातूच्या कंड्युइटमधूनच, म्हणजे वायरींसाठीच्या नळीतूनच, गेली पाहिजे आणि तिचे आवरण निदान ६६० व्होल्ट क्षमतेचे असले पाहिजे. ‘वरून दिसत नाही, मग प्लास्टिकचा पाइप घालू’ हे उत्तर स्वीकारू नका. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्येच असावेत आणि प्रत्येक बॉक्सच्या खाली हात जाईल एवढे झाकण असावे. इन्व्हर्टर, बॅटरी, राउटर यांपैकी काहीही वर ठेवू नये.

आपण विचारले नाही, पण पतसंस्थेसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लॉकर रूम आणि रेकॉर्ड रूम यांच्या भिंती सीलिंगपाशी थांबवू नका. त्या स्लॅबला भिडल्या पाहिजेत. पुष्कळ कार्यालयांत पार्टिशन सीलिंगच्या पातळीला संपते आणि वरची पोकळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहते. तिच्यातून धूर तर जातोच, टाइल उचलून माणूसही पलीकडे उतरू शकतो. भिंतीतून वायर किंवा पाइप जिथे आरपार जातो, तिथली फट फायर सीलंटने बुजवावी, फोमने नव्हे.

परवानगीबद्दल: परवाना लागो अथवा न लागो, वरचे नियम लागू राहतातच, हे संचालकांनी आधी समजून घ्यावे. व्यवहारात असे करावे की आपल्या वास्तुविशारदाकडून हॉलचा एक उभा छेद काढून घ्यावा, त्यावर तयार फरशी, सीलिंग, तुळई, स्लॅब आणि स्प्रिंकलर यांच्या पातळ्या मीटरमध्ये लिहाव्यात, आणि तो नकाशा काम सुरू होण्याआधी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात व अग्निशमन अधिकाऱ्यांकडे पत्रासह देऊन पोच घ्यावी. संकुलाच्या व्यवस्थापनालाही एक प्रत द्यावी, कारण स्प्रिंकलरची लाइन सामायिक आहे आणि ती रिकामी करताना इतर गाळेधारकांचे संरक्षण काही तास बंद राहणार आहे. अधिनियमानुसार दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घेऊन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे दाखवावे लागते. तो घेताना एजन्सीच्या माणसाला आपल्या हॉलमध्ये प्रत्यक्ष आणा.

बैठकीत पीव्हीसी आणि जिप्सम यांच्या दरांतील फरक काढला जाईल. तेव्हा ठेकेदाराला दोन्ही कोटेशन स्प्रिंकलर उतरवण्याच्या खर्चासह, धातूच्या कंड्युइटसह आणि २.५५ मीटर उंचीसह पुन्हा द्यायला सांगा. ‘तयार फरशीपासून’ हे शब्द त्यात हाताने का होईना, लिहून घ्या. आणि सांगाडा पूर्ण झाल्यावर, बोर्डाचा पहिला स्क्रू मारण्यापूर्वी, एक दिवस काम थांबवून प्रत्येक गाळ्याचे फोटो काढून ठेवा, टेप धरून, वायर आणि पाइप कुठून गेले ते दिसेल अशा रीतीने. पुढे गळती झाली किंवा एखादी वायर शोधायची वेळ आली, तर कुठला बोर्ड कापायचा हे त्या फोटोंवरून कळेल.